तीस पौंडांच्या दोन दोऱ्या

मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानाचं काउंटर. त्यावर दोन चकत्या. दोन्हींवर छापलेला आकडा एकच, ३० पौंड. म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास. पहिली तंगूस, नायलॉनचा एकसंध पारदर्शक तंतू, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. दुसरी ब्रेडेड, चार किंवा आठ पेड एकमेकांत गुंफलेली, गडद हिरवी, शिवणाच्या दोऱ्याइतकी निरुपद्रवी दिसणारी. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या जरा पुढे. किंमत मात्र पहिलीच्या कित्येक पट.

मुंबईतल्या अशा दुकानांत शनिवारी संध्याकाळी झुंबड असते. रविवारची भरती कितीला, हे मोबाइलवर पाहत पाहत लोक सामान घेतात. मी उभा होतो तेव्हा कॉलेजातला एक मुलगा दोन्ही चकत्या हातात धरून विचारत होता, "ह्यातली मजबूत कुठली?"

"दोन्ही तीसच्याच," दुकानदार म्हणाले. "मारणार कुठे ते सांग आधी. खडकात, खाडीत, की बोटीवरून?"

"मोठा मासा मारायचाय, काका."

"अरे पण तो राहतो कुठे?"

मुलाला हे टोलवणं वाटलं असावं. मला मात्र त्या संध्याकाळी ऐकलेलं तेच सर्वांत नेमकं बोलणं वाटलं. दोरीची ताकद किती, ह्याचं उत्तर चकतीवर छापलेलंच असतं आणि ते दोन्हींवर सारखं आहे. तुटण्याआधी दोरी काय करते आणि तुटलीच तर कुठे तुटते, हे चकतीवर कुठेच लिहिलेलं नसतं. गरवणारा माणूस पैसे मोजतो ते खरं तर ह्याच गोष्टीसाठी. प्रत्येक दोरीत एक खोट असते. आपल्या पाण्यात, आपल्या माशापुढे कुठली खोट परवडेल, एवढंच ठरवायचं असतं.

छापील आकड्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो वाटतो तितका सरळ नाही. जगभरच्या गळाच्या मासेमारीतले विक्रम १९३९ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन नोंदवते, आणि ती दोरीची ताकद ओल्या दोरीवर तपासते. ह्याला कारण आहे. नायलॉन पाणी पितं. काही वेळ पाण्यात राहिलं की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. ब्रेडेड दोरी ज्या पॉलिएथिलीनची असते त्याच्या तंतूत पाणी शिरतच नाही, पेडांच्या फटीत तेवढं साचतं. त्यात ब्रेडेड बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आकडा हात राखून छापतात, म्हणजे तीसची दोरी प्रत्यक्षात तीसच्या पुढेच तुटते. आणि ह्या सगळ्यावर गाठ. घाईत मारलेली वाईट गाठ कुठल्याही दोरीची निम्मी ताकद खाऊन टाकते. तेव्हा ‘तीस’ हा आकडा कोरड्या खोलीतला, बिनगाठीचा आणि बिनमाशाचा.

ब्रेडेड म्हणजे नवं तंत्र आणि तंगूस म्हणजे जुनं, असं सर्रास बोललं जातं. इतिहास उलटा आहे. रेशमाच्या आणि जवसाच्या धाग्यांच्या पिळाच्या, गुंफलेल्या दोऱ्या कितीतरी आधीच्या. मासेमारीहून परत आलं की त्या उन्हात पसरून सुकवाव्या लागत, नाहीतर कुजत. आपल्या किनाऱ्यावर सुताची आणि तागाची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, तीही ह्याच कुजण्याच्या धास्तीने. एकसंध पारदर्शक तंतू हवाच असेल तर रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून काढलेला मिळे, पण त्याचे तुकडे आखूड. एकाला एक जोडत जावं लागे.

२८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली, नायलॉन ६,६ पहिल्यांदा तयार झालं. त्याचा जगभर झालेला गाजावाजा पाहायला कॅरोथर्स राहिला नाही. एप्रिल १९३७ मध्ये त्याने आत्महत्या केली आणि घोषणा झाली ती १९३८ च्या ऑक्टोबरात. नायलॉन म्हटलं की लोकांना १९४० मधले स्त्रियांचे पायमोजे आठवतात. पण त्याच्याही आधी, १९३८ मध्ये, ते बाजारात आलं दात घासायच्या ब्रशच्या केसांच्या रूपात. तो केस म्हणजे आखूड तंगूसच. लांब तंतू गळाला लागायला फार वेळ गेला नाही, पण सुरुवातीचा माल ताठ होता, रिळावर नीट बसत नसे. १९५८ मध्ये ड्यूपॉन्टने स्ट्रेन ही मऊ दोरी आणली आणि तंगूस हीच दोरी असं समीकरण झालं. आपल्याकडे साठच्या दशकापासून नायलॉन जाळ्यांत शिरलं, मग गरीच्या दोरीतही.

ब्रेडेडचा पुनर्जन्म नेदरलँड्समधला. डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा ह्या दोघांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी एक युक्ती शोधली. भाजीच्या पिशवीचं असतं तेच पॉलिएथिलीन, पण त्याच्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी पट लांब. एवढ्या लांब साखळ्या वितळवून तंतू काढायला गेलं तर त्यांचा नुसता गुंता होतो. ह्या दोघांनी त्या द्रावकात विरघळवल्या, सैल केल्या, त्या द्रावणाचा जेल होऊ दिला आणि तो तंतू तापवून अफाट ताणला. सगळ्या साखळ्या एका दिशेत उभ्या राहिल्या. १९९० पासून हेर्लेनच्या कारखान्यात डायनीमा नावाने हा तंतू व्यापारी प्रमाणावर निघू लागला. अमेरिकेत त्याच जातीचा स्पेक्ट्रा. वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या पंधरा पट ताकद, असं कंपनी सांगते. गोळी अडवणारी जाकिटं, खाटकांचे हातमोजे, जहाजं बांधायचे दोर, सगळीकडे तो गेला. जपानी माल विकणाऱ्यांमुळे आपल्याकडेही त्याला ‘पीई’ म्हणतात आणि ‘दीड पीई’, ‘तीन पीई’ अशा मापाने तो मागतात. जपानी मापात एक पीई म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर जाडी.

आता मुख्य फरकाकडे येऊ. तो ताकदीचा नसून ताणाचा आहे.

तंगूस तुटायच्या बेताला येईपर्यंत वीस ते तीस टक्के लांबते. ब्रेडेड जेमतेम तीन-चार टक्के. रत्नागिरीच्या समोर तीस वाव पाण्यात, म्हणजे पंचावन्न मीटरच्या आसपास, शिशाचा मासा सोडून तो झटके देत वर आणायचा असेल तर हिशेब करून पाहा. ताण कमी आहे, दोरी फक्त दहा टक्के लांबते असं धरलं, तरी साडेपाच मीटर झाले. हातातली काठी माणूस उचलून उचलणार किती? दीड मीटर. वर हात दुखेपर्यंत झटके द्या, खालच्या शिशाला पत्ताही लागत नाही. मासा तोंड लावून गेला तरी वर कळत नाही. जिगिंग नावाचा प्रकार ह्या पीई दोरीनेच माणसांच्या आवाक्यात आणला. ब्रेडेडवर तळाचा खडक कुठे संपला आणि रेती कुठे सुरू झाली, हे काठीच्या मुठीत कळतं. पहिल्यांदा हे अनुभवणारा माणूस तंगूसकडे परत जायला तयार नसतो, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

पण ताण ही नुसती खोट नाही. मालवणच्या किनाऱ्यावर एक वयस्क गरवणारे भेटले. उभी हयात हातदोरीवर गेलेली, काठी-रीळ ही त्यांच्या लेखी शहरातल्या मुलांची हौस. ब्रेडेड त्यांनी वापरून पाहिली आहे. त्यांचा निवाडा असा: "तंगूस ताणता, झिला. मासो जोर करूक लागलो की ती आधी सांगता. ह्यो तुझो दोरो काय सांगणा नाय, थेट तुटता."

त्यांच्या बोटांवरून एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. हातदोरीवाल्याच्या लेखी दोरीची जाडी ही पकड असते. मिलिमीटरभर जाडीची तंगूस ओल्या तळव्यातून सरकली तर कातडी तापते, सोलवटते. तेवढ्याच ताकदीची बारीक ब्रेडेड सरकली तर ती चिरते. काठी आणि रीळ नसेल तर ब्रेडेडचा विचारच करू नये, हे इतकं उघड आहे की कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. कोकणात गरवायला जाणाऱ्यांत हातदोरीवालेच अजून खूप आहेत. मासिकांतल्या आणि चित्रफितींतल्या सगळ्या तुलना त्यांना वगळून केलेल्या असतात, ही माझी तक्रार आहे.

काठी असली तरी ताण कामाला येतो. जिताडा गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारतो आणि डोकं झटकतो. ताणणारी दोरी त्या झटक्याला झेलते. न ताणणारी दोरी तो झटका जसाच्या तसा गरीवर नेते. गरीचं भोक मोठं होत जातं, आणि क्षणभर दोरी ढिली पडली की गरी सुटते. ब्रेडेडवाले ह्यावर उपाय करतात. काठी मऊ घेतात, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, सैल ठेवतात. म्हणजे दोरीत नसलेला ताण काठीतून आणि रिळातून विकत घेतात. पवईच्या तलावावर तरंगता बोया लावून कटल्याची वाट पाहणाऱ्यांना असली कसरत लागत नाही. तिथे अंतर कमी, पाणी उथळ, मासा भारदस्त आणि तोंडाचा नाजूक. तंगूस बरी. तिथे कोणी महागडी पीई भरून बसलेला दिसला तर तो बहुधा समुद्रावरून आलेला असतो.

खडकावर मात्र वाद रंगतो. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड असोत, देवगड-मालवणचे कातळ असोत, तिथे कालवं चिकटलेली असतात आणि कालवाची धार पात्यासारखी चालते. तांबोशी आणि गोबरा ह्या दोघांची खोड एकच: आमिष गिळलं की वळून थेट आपल्या बिळात. ताणलेली ब्रेडेड कालवाच्या कडेला टेकली की त्या क्षणी जाते. ज्या तंतूचे हातमोजे घालून खाटीक मांस कापतात तोच हा तंतू, पण हातमोज्यात तो जाडजूड विणलेला असतो आणि इथे पाव मिलिमीटर, तोही ताणाखाली. पेडांतले थोडे तंतू चिरले तरी उरलेल्यांवर भार येऊन ते पटापट सुटतात. अर्ध्या मिलिमीटरची तंगूस तीच कड सोसते. खरवडते, पांढुरकी होते, पण अंगात मांस आहे म्हणून टिकते. त्यावर ब्रेडेडवाल्यांचं म्हणणं असं, की तंगूस ताणेपर्यंत मासा बिळात पोचलेलाच असतो. पहिल्या दोन मीटरांत त्याला थोपवायचं असेल तर न ताणणारी दोरीच हवी. दोघंही खरं बोलतात, म्हणून हा वाद मिटत नाही.

मिटवणारा तोडगा आहे आणि तो आता सगळेच वापरतात. रिळावर ब्रेडेड, तिच्या पुढे एक-दोन वाव जाड तंगूस, तिला लीडर म्हणतात. तळाजवळ जे काही घासायचं ते तंगूस घासून घेते, वरचं कळणं-थोपवणं ब्रेडेड करते. मग सगळा भार येतो तो ह्या दोघींना जोडणाऱ्या गाठीवर. पॉलिएथिलीन मुळात निसरडं. तंगूसला नेहमी मारतात ती गाठ ब्रेडेडवर मारली तर ती सरकून सुटते, वेढे वाढवावे लागतात. एफजी नावाची गाठ हल्ली चलतीत आहे. तिच्यात ब्रेडेड तंगूसभोवती आलटूनपालटून वीसएक वेढे घेते आणि आवळली की तंगूसमध्ये चावा घेऊन बसते. बारीक असते, काठीच्या कड्यांतून न अडखळता जाते. होडी हलत असताना ती बांधणं म्हणजे शिक्षा. नवख्याने दोन युनी गाठी एकमेकींवर आवळाव्या. थोडी जाड होते, पण भरवशाची. आणि कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करावी. ही जुनी सवय निव्वळ शास्त्रीय आहे: घर्षणाने उष्णता होते आणि हे पॉलिएथिलीन दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं, नायलॉन दोनशेच्या पुष्कळ वर.

लीडरच्या बाबतीत एक बारकावा लोक विसरतात. तो जाड असावा हे खरं, पण सगळ्या साखळीत कुठला तरी एक दुवा मुद्दाम कमजोर ठेवावा लागतो. पन्नास पौंडांची ब्रेडेड आणि त्याहून भक्कम लीडर लावून गरी कातळात अडकली, की पुढे काय? हाताने ती तुटत नाही. हाताला गुंडाळून ओढायचं तर बोट जाईल. काठीने ओढायचं तर काठी मोडेल. आणि सुरी लावली तर जवळपास सगळी दोरी समुद्रात. म्हणून गरीकडची गाठ किंवा लीडर मुख्य दोरीहून थोडा हलका ठेवतात; अडकलंच तर गरीजवळ तुटतं. दोरी कुठे तुटावी हे घरून निघतानाच ठरवलेलं बरं. अडकलेली ब्रेडेड ओढायची झाली तर ती लाकडाच्या दांड्यावर गुंडाळून, काठी बाजूला ठेवून, सरळ रेषेत मागे जायचं.

खाडीचं गणित वेगळं. ठाण्याच्या खाडीत किंवा दाभोळला उधाणाच्या दिवसांत सुकतीला पाणी असं ओढतं की शंभर ग्रॅमचं शिसंही जागेवर राहत नाही. पाणी शिशाला ओढतं त्याहून जास्त ओढतं ते लांबच लांब सुटलेल्या दोरीला, आणि ही ओढ दोरीच्या जाडीच्या प्रमाणात असते. जाडी निम्मी झाली तर ओढ साधारण निम्मी. ब्रेडेडने तेच काम हलक्या शिशात होतं. भांगाच्या दिवसांत, पाणी संथ असताना, हा फायदा नगण्य. वारा असेल तर उलट त्रास: पॉलिएथिलीनची घनता ०.९७, म्हणजे ते पाण्यावर तरंगतं, वाऱ्याने दोरीला कमान येते. नायलॉन १.१४, ते सावकाश बुडतं.

तिसरा पर्याय फ्लुरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये सीगार नावाने तो आणला. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, ह्याचा १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. जाहिरातीतला ‘अदृश्य’ शब्द सोडून दिला तरी तारकर्लीच्या हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात ह्याचा उपयोग आहे. मुंबईच्या आसपासच्या गढूळ खाडीत, जिथे वीतभर खालची स्वतःची बोटं दिसत नाहीत, तिथे अदृश्य दोरीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला माझा नमस्कार.

टिकण्याच्या बाबतीत ब्रेडेड सरस. तंगूस उन्हाने ठिसूळ होते, रिळावर महिनोन्‌महिने राहिली की गुंडाळ्यांचा आकार धरते आणि फेकताना वेटोळी सुटतात. हंगामाला एकदा बदलावी, स्वस्त आहे म्हणून बदलवतेही. ब्रेडेडचा रंग उडतो, ताकद वर्षानुवर्षं राहते. पुढचा भाग झिजला की सगळी उलटून भरायची. भरताना खाली थोडी तंगूस किंवा चिकटपट्टी घालायला विसरू नये, नाहीतर निसरडी दोरी रिळावर अख्खीच्या अख्खी फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटत राहतं. फेकल्यावर ती सैल पडली तर हवेतच गुंता होतो. तो सोडवत बसलेली माणसं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दर रविवारी दिसतात.

तुटलेल्या दोरीचं काय होतं, ह्याबद्दल गरवणारे फारसं बोलत नाहीत. नायलॉन समुद्रात सहाशे वर्षं टिकतं असा एक आकडा ठिकठिकाणी छापला जातो. ज्या वस्तूला शंभर वर्षंही झालेली नाहीत, तिच्या सहाशे वर्षांबद्दल इतक्या ठामपणे बोलू नये, असं मला वाटतं. आपल्या आयुष्यात ती नाहीशी होत नाही, एवढं पुरे. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि कृत्रिम तंतूंच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, त्यामागे पक्ष्यांचे कापलेले पंख आणि माणसांचे चिरलेले गळे होते. मांजा म्हणून विकलं जाणारं नायलॉन आणि कठड्यावर टाकून दिलेली तंगूस, कावळ्याच्या पायाला ह्यांतला फरक कळत नाही. ब्रेडेड तर त्याहून बारीक आणि न तुटणारी. जुनी दोरी वीतभर तुकडे करून मगच कचऱ्यात टाकावी. कात्रीचं मिनिटभराचं काम आहे.

राहता राहिली सुरमई. चालत्या होडीमागे आमिष ओढत सुरमई मारणाऱ्यांना मी हा ब्रेडेड-तंगूसचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांना तो फारच लांबचा वाटला. सुरमईचे दात दोन्ही दोऱ्या सारख्याच सहजतेने कापतात. जाड तंगूस थोडी जास्त वेळ टिकते, इतकंच. म्हणून गरीच्या वर वीत-दीड वीत पोलादी तार बांधतात, मागे दोरी कुठलीही चालते. तारेला एकदा मुरड पडली की ती तिथेच तुटते, मग मुरडलेली तार काढून लगेच नवी बांधायची. होडीवरच्या डब्यात कापून ठेवलेल्या तारा होत्या, प्रत्येकीला आधीच गरी लावलेली, आणि डब्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याने गंजून गेलेल्या तेवढ्याच जुन्या.